चार गडू पाणी

तीजेच्या पाचव्या दिवशी सकाळी नायकाच्या पडवीत आंबूस वास सुटला. तो कुठून येतोय हे पडवीतल्या प्रत्येकाला कळलं होतं आणि प्रत्येक जण मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

बंजाऱ्यांच्या या तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, देवसिंग. श्रावणात तांड्यातल्या बिनलग्नाच्या मुली टोपल्यांत माती आणि शेणखत घालून गहू पेरतात. त्या टोपल्या नायकाच्या पडवीत ओळीने मांडायच्या आणि नऊ दिवस ज्या मुलीची टोपली तिनेच विहिरीवरून पाणी आणून घालायचं, ही तीजेची जुनी रीत. शेवटच्या दिवशी वाढलेले कोंब, ज्यांनाही तीजच म्हणतात, भावांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या पागोट्यांत खोवायचे, उरलेले पाण्यात सोडायचे. यंदा टोपल्या अकरा होत्या. दहांमध्ये गहू चार बोटं वर आला होता, दाट, कोवळा, बघतच राहावं असा. अकराव्या टोपलीत काळपट लगदा होता आणि त्यावर पाण्याचं डबकं साचलं होतं.

अकरावी टोपली देवसिंगच्याच मुलीची, राखीची.

सलोनी, तीजेच्या मुलींमधली थोरली, घागर कमरेवर घेऊन पायरीवरच थबकली. "काका, आमी हात नाही लावला बरं," ती आधीच सांगून मोकळी झाली. "ज्याची तीज त्यानं पाहावं. आमी तं कवाचं म्हनून राह्यलो, राखी काहून येत नाही विहिरीवर?"

या प्रश्नाचं उत्तर घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मे महिन्यात पोलीस भरतीची यादी लागली. राखीचं नाव दोन गुणांनी हुकलं, तेही तिसऱ्या खेपेला. यवतमाळला अकॅडमीत तिच्याच खोलीत राहणारी खुशी मात्र लागली. तेव्हापासून पडवीलगतच्या खोलीत राखी होती आणि तिचा मोबाइल होता. तिच्या आईने, हंसाबाईने, तिला यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. बाईंनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, सकाळचं ऊन, रोजचं चालणं आणि चार माणसांत बसून जेवण. गोळ्या देणं सोपं होतं, त्या अगदी वेळेवर चालू होत्या. बाकीच्या तीन गोष्टी फायलीत राहिल्या.

कारण या घराला माया करायची एकच पद्धत माहीत, समोरच्याचं काम आपण करून टाकायचं. राखीचा चहा खाटेवर, ताट खाटेवर. डोळ्यांवर उजेड येतो म्हणून खिडकीला चादर. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला जाणारा भाऊ भारत रोज ड्युटीवर निघण्याआधी तिचा मोबाइल चार्जिंगला लावून जायचा. अशी सेवा मोठमोठ्या घरांत होत नाही! आणि ती जितकी वाढत गेली, तितकी राखी आत आत रुतत गेली.

भरीला देवसिंगचे थोरले भाऊ प्रेमसिंग नेरहून आले होते, बायको तानाबाईंना घेऊन. त्यांनी दिग्रसकडचं एक स्थळ आणलं होतं. पाहुणे तीजेच्या शेवटच्या दिवशी चार वाजता येणार होते. "लगन झालं की मन आपोआप लागते," हे प्रेमसिंगचं ठाम मत. त्यांनी दारातून विचारलं होतं, "काय बाई, बलावू ना?" राखीने मोबाइलवरची नजर न उचलता म्हटलं होतं, "तुमी म्हना तसं." प्रेमसिंगने तो होकार धरला. देवसिंगनेही धरला. एका हंसाबाईच्या काळजात मात्र ते तीन शब्द काट्यासारखे अडकून बसले होते. याच पोरीला पाचवीत असताना हिरवी रिबीन हवी होती, तर लाल रिबिनीला नाही म्हणत तिने दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं.

"तीज सडली," तानाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "नायकाच्या घरची तीज सडली. पाव्हन्याच्या कानावर गेलं तं काय म्हनतीन?"

"पन सडली कशी?" देवसिंग म्हणाले. "वाळली असती तं समजलो असतो. पोरगी उठतच नाही, पानी घालतच नाही, मग हे एवढं पानी आलं कुठून?"

भारतने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

हंसाबाईने पदर सावरला आणि टोपलीपाशी खाली बसली. "मी घालत होती," ती म्हणाली. "पहाटे, पोरी याच्या आंधी. एक गडू. पोरीची तीज वाळली असं कोनी म्हनू नये म्हनून."

"तू बी?" भारतच्या तोंडून निघून गेलं.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले. तो आईकडे वळला. "मी ड्युटीवर जातानी. एकच गडू, याडी. मले वाटलं, तुले नाही सुचलं."

आता तानाबाईंना गप्प राहवेना. "मी दुपारून," त्या म्हणाल्या. "सारे झोपतेत तवा. काय करू मग? पोरीचं वाईट वाटते नं मले."

उरले देवसिंग. तांड्यातले तंटे मिटवणारा, तीन-तीन तास न बोलता दोन्ही बाजू ऐकून घेणारा हा माणूस टोपल्यांच्या ओळीकडे पाठ करून उभा राहिला. "दिवेलागनीले," ते म्हणाले. "लहान गडू होता."

सलोनीला हसू आवरेना. तिने घागर खाली ठेवली आणि तोंडावर ओढणी घेतली. रोज चार गडू! भातसुद्धा इतक्या पाण्यात तग धरत नाही, तिथे मुठीएवढा गहू काय करणार. चौघांनी चोरून देवाची रीत मोडली होती, आणि चौघांनाही वाटत होतं की एवढी माया आपल्या एकट्यालाच सुचली.

तेवढ्यात खोलीचं दार वाजलं.

राखी उंबऱ्यात आली. केस विस्कटलेले, अंगात भावाचा जुना टीशर्ट, डोळे उजेडाने बारीक झालेले. तिने टोपली पाहिली. मग एकेकाचं तोंड पाहिलं.

"मी मारली असती तं मले चाललं असतं," ती म्हणाली. आवाज बरेच दिवस न वापरल्यासारखा खरखरीत होता. "माही होती ते. तुमी सारे मिळून मारली."

"अवो बाई, तसं नाही," प्रेमसिंग पुढे झाले. "घाबरू नको तू. माह्या साडूच्या तांड्यावर पोरीइनं दोन टोपल्या जास्तीच्या पेरल्या हायेत. संध्याकाळच्या बसनं एक आनतो. हिरवीगार. कोनाले समजत बी नाही."

"दादा म्हनतेत ते बरोबर हाये," देवसिंग लगेच म्हणाले. तांड्याची अब्रू त्यांच्या पागोट्यावर होती आणि त्यांना ती जड होत होती.

"देवापुढं उसनी तीज मांडता?" हंसाबाई म्हणाली.

ती उभी राहिली नव्हती, आवाजही चढवला नव्हता. पण इतक्या वर्षांत या घरात तिचा असा सूर कुणी ऐकला नव्हता. प्रेमसिंग एक पाऊल मागे सरकले.

"राखी खरं बोलली," हंसाबाई पुढे म्हणाली. "तीज आपून मारली. अन् अडीच महिने झाले, पोरीले बी तसंच पानी घालून राह्यलो आपून. चहा बी आपूनच, ताट बी आपूनच, अन् लगनाचं हो बी आपूनच म्हनून टाकलं." मग लेकीकडे वळून ती म्हणाली, "चुकलं माहं. उद्यापासून तुले कोनी उठवनार नाही. चहा चुलीपाशी भेटन. तीज फिरून पेरायची का नाही, ते तू सांगजो. नाही पेरली तं टोपली रिकामी राहीन. राहू दे. पन ते तुही राहीन."

राखी आत गेली. दार लागलं.

हंसाबाई सोळा वर्षांपूर्वी अशाच बंद दाराआड होती. भारत आणि राखीच्या पाठचं तिचं तिसरं मूल आठव्या दिवशी गेलं, तेव्हाची ही गोष्ट. जो भेटायला यायचा तो रडायचा आणि तिला रडवून जायचा. सकाळी डोळे उघडले की ती तेच आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजत बसायची. त्या वेळी तिची सासू दाराशी आली होती, सांत्वनाचा एक शब्द न बोलता तिने हातात खराटा दिला होता आणि सेवालाल महाराजांच्या देवळाचा ओटा दाखवला होता. रोज उठल्या उठल्या आधी पाय जमिनीला, मग ओटा झाडायचा, मग पांढऱ्या झेंड्याखाली अरदास करायची. अरदाशीत आधी किड्यामुंगीचं भलं मागायचं, मग गाईगुरांचं, मग शेजारपाजारच्या लेकरांचं, सगळ्यांचं झालं की शेवटी आपलं. पहिले कितीतरी दिवस हंसाबाईला सासूचा राग आला. पुढे कधीतरी तिच्या लक्षात आलं की मागणं आपल्यापाशी येईपर्यंत छातीवरचा धोंडा थोडा हललेला असतो. दुःख गेलं नाही, पण ती त्याच्यासकट उभी राहायला शिकली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या म्हातारीला हे कुठून कळलं होतं कोण जाणे. तेव्हापासून ओटा हंसाबाईकडेच होता. लेकीच्या बाबतीत मात्र ती खराटा द्यायचं विसरली आणि चहाच देत बसली.

दुपारी राखीने दार किलकिलं केलं तेव्हा उंबऱ्याबाहेर एक वाटी होती. वाटीत मूठभर गहू, कोरडे. शेजारी रिकामा गडू. बस, एवढंच. वाटीत पाणी घालायचं कामसुद्धा आईने ठेवून दिलं होतं.

तिने दार लावलं. खाटेवर पडली. मोबाइल काढला आणि उत्तरपत्रिकेचा फोटो उघडला. एकसष्टावा प्रश्न. आधी बरोबर गोल केला होता, मग खोडून चुकीचा केला. तिथून पुढे चौसष्ट, मग एकोणऐंशी. रोज सकाळी डोळा उघडला की ती हेच करायची, आणि दुपारी, आणि संध्याकाळी. मग खुशीचे वर्दीतले फोटो. त्यातला एक तर तिने इतक्यांदा पाहिला होता की खुशीच्या मागच्या भिंतीवरचा डाग तिला पाठ झाला होता. आज एकसष्टाव्या प्रश्नावर आल्यावर तिच्या नाकात पुन्हा तो आंबूस वास आला. दार तर बंद होतं. किती दिवस मीही एकाच जागी हेच पाणी ओततेय, असं तिच्या मनात आलं आणि ती ताडकन उठून बसली.

ती माठापर्यंत गेली. एकोणीस पावलं होती. गडू भरून आणला आणि वाटीत पाणी ओतलं.

चुलीपाशी बसलेल्या हंसाबाईने पाण्याचा आवाज ऐकला. तिने मान वळवली नाही. भाकरी तव्यावर करपली, तरी वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी राखीला जाग आली तेव्हा मुली विहिरीकडे निघाल्या होत्या, त्यांचं गाणं ऐकू येत होतं. हात सवयीने उशीखाली गेला. मोबाइल हाताला लागला, त्याचा गारवा कळला. तो तिथेच ठेवून तिने पाय जमिनीला टेकवले. एवढ्याशा गोष्टीला तिला किती वेळ लागला हे तिने कुणालाच कधी सांगितलं नाही. अंगणात हंसाबाई खराटा घेऊन निघालीच होती. तिने लेकीला हाक मारली नाही, फक्त चाल जराशी हळू केली.

दोघी ओट्यावर आल्या. "मले कराले काही सांग," राखी म्हणाली.

"झाड तू. मी दिवा लावते."

मग अरदास. हंसाबाईने हात जोडून एकेकाचं भलं मागितलं, किड्यामुंगीपासून. शेजारच्या घरांपाशी आल्यावर थांबली. "आता तू म्हन. ज्याचं नाव घ्याले जड जाते ना, त्याचं पहिले घे."

आईला कुणाचं नाव अपेक्षित आहे हे राखीला कळलं होतं. ते न घेताच ती उठली आणि विहिरीकडे गेली. "राहू दे," हंसाबाई एकटीच झेंड्याकडे बघत म्हणाली. "ओट्यापावतर आली हेच लय."

टोपलीतला लगदा राखीने स्वतः उपसला, नवी माती भरली, भिजलेले गहू पेरले आणि मोजून एक गडू पाणी घातलं. सलोनीने जागा करून दिली. बाकीच्या पोरींनी तिला काही विचारलं नाही, फक्त गाण्यात ओढून घेतलं. पहिल्या दिवशी ती नुसती उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडून ओळी निघायला लागल्या. दुपारचं जेवण ती चुलीपाशी बसून जेवली, गोळी आपल्या हाताने घेतली.

खरी परीक्षा घरच्यांची होती. भारत ड्युटीवर जाताना दोन्ही हात खिशात घालून टोपल्यांसमोरून जायचा. तानाबाई दुपारी पडवीकडे पाठ करून झोपायच्या. देवसिंगचा हात दिवेलागणीला गडूकडे जायचाच. भरलेला गडू घेऊन ते टोपलीपर्यंत जात, थांबत आणि मुकाट्याने दारातल्या पेरूच्या झाडाला पाणी घालून परत येत. तीन दिवसांत पेरूखाली चिखल झाला.

आठव्या दिवशी ओट्यावर, शेजारपाजारचं मागून झाल्यावर, राखी हळूच म्हणाली, "खुशीचं भलं होऊ दे." मग थांबली. मग रडली. हंसाबाईने तिला पोटाशी घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत. तिचंही मन भरून आलं होतं, पण तिने हात जोडलेलेच ठेवले. घरी येऊन राखीने मोबाइल घेतला, उत्तरपत्रिकेचा फोटो पुसून टाकला आणि खुशीला एकच शब्द पाठवला, अभिनंदन. अडीच महिने उशिरा. उत्तर लगेच आलं. "तुह्याच मेसेजची वाट पाहून राह्यली होती."

शेवटच्या दिवशी सगळा तांडा पडवीसमोर जमला. दहा टोपल्यांत तीज वीतभर झाली होती, वाऱ्यावर डुलत होती. राखीची दोन बोटं. खाली पांढरी आणि टोकाला जेमतेम हिरवी.

"लय बारीक राह्यली," तानाबाई हळहळल्या.

"चार दिवसाची हाये, बाई," हंसाबाई म्हणाली. "चार दिवसाएवढीच हाये."

प्रेमसिंग नवं धोतर नेसून सकाळपासून घड्याळ बघत होते. राखी समोर आली तेव्हा ते म्हणाले, "हे झालं की चांगला ड्रेस घाल बाई. चार वाजता पाव्हने येतेत."

"नाही," राखी म्हणाली.

मुलींचं गाणं चालूच होतं, त्यामुळे प्रेमसिंगना नीट ऐकू आलं नसावं. "काय म्हनली?"

"नाही म्हनली, मोठे बा. त्याहिले येऊ नका म्हनून सांगा. मी त्या दिवशी तुमी म्हना तसं म्हनली ना, ते मले काहीच नको होतं म्हनून म्हनली. आता तसं नाही. भरती पुन्हा द्याची का नाही ते बी अजून ठरवलं नाही. ठरलं का सांगते. पन मी सांगते."

प्रेमसिंगने धाकट्या भावाकडे पाहिलं. देवसिंग आजवर थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर गेले नव्हते. त्यांनी पागोटं नीट केलं, घसा खाकरला. "दादा, पोरगी नाही म्हनून राह्यली," ते म्हणाले. "आपल्याले ऐका लागन."

"मंग पाव्हन्याले काय सांगू मी?"

"तुमी नका सांगू," तानाबाई मध्येच म्हणाल्या. "मी करते फोन. नाहीतं तुमी पुन्हा कोनाच्या वाटचं हो म्हनून बससान."

हंसाबाई खांबाला टेकून उभी होती. तिने डोळे मिटून घेतले होते. तो 'नाही' तिने ऐकला आणि तिला हिरव्या रिबिनीसाठी अडून बसलेली पोर दिसली. आपली लेक परत आली, असं तिला वाटलं, आणि मग तिने कुणाचीही पर्वा न करता सगळ्यांदेखत पदराने डोळे पुसले.

राखी ओंजळीत तीज घेऊन पुढे आली. वडिलांना दिली, भारतला दिली. मग प्रेमसिंगच्या पायांशी वाकली आणि उठून त्यांच्या पागोट्याच्या घडीत दोन कोंब खोवले. ते इतके आखूड होते की लगेच घसरले. पुन्हा खोवले, पुन्हा घसरले.

"राहू दे, माह्या हातात दे," प्रेमसिंग म्हणाले.

"नाही, मोठे बा. मानाची जागा तिथंच हाये."

चारच्या सुमाराला प्रेमसिंग आणि तानाबाई नेरच्या बसची वाट बघत रस्त्यावर उभे होते. बस आली. तानाबाईंनी दोन्ही पिशव्या स्वतःच उचलल्या आणि नवऱ्याकडे रागाने बघितलं. पण प्रेमसिंगचा एक हात बसच्या दांड्यावर होता, आणि दुसरा पागोट्यावर. पुतणीचे ते दोन कोंब त्यांनी नेरपर्यंत तसेच दाबून धरले.